चुंबक, कानस आणि वजनकाटा: घरच्या घरी मूलद्रव्यांची ओळख

आमच्या लालबागच्या चाळीत नववी-दहावीची पोरं विज्ञानाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि निवृत्त होईपर्यंत एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये धातू मोजून घेतले, मोजून दिले. पोरांकडे शब्दांची कमी नसते. ‘वर्धनीयता म्हणजे काय?’ विचारलं की व्याख्या घडाघडा येते. पण तांब्याची तार आणि बिडाचा तुकडा पुढ्यात ठेवून ‘यातलं हातोड्याने पसरेल कोणतं?’ विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सेमी इंग्रजीवाल्यांना तर एकाच गोष्टीची दोन-दोन नावं सांभाळावी लागतात, मॅलिएबिलिटी वेगळी आणि वर्धनीयता वेगळी असं त्यांना वाटत राहतं.

म्हणून माझ्याकडे क्रम उलटा आहे. आधी वस्तू हातात, मग तिचा गुण, आणि शब्द अगदी शेवटी. ज्यांच्या घरात या वयाचं पोर आहे त्यांनी करून बघावं. रसायनशास्त्र येत नसलं तरी चालतं.

सामान फार लागत नाही. मोडक्या स्पीकरमधलं चुंबक, एक कानस, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, दोरा, दोन पेन्सिल सेल आणि एक एलईडी. तांब्याची जाड तार लोहार चाळीत वजनावर मिळते, घरात वायरिंगचं काम झालेलं असेल तर उरलेल्या तुकड्यातही काम भागतं. बाकी खिळे, पेन्सिल, हळद, पानवाल्याचा चुना आणि थोडं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार. परीक्षानळ्या आणि बीकर हवेच असतील तर प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत, पण मी काचेचे पेलेच वापरतो.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. घरातल्या धातूच्या वस्तू एका परातीत गोळा करायच्या: खिळा, पितळी निरांजन, जर्मनचं झाकण, तांब्याचं फुलपात्र, स्टीलची वाटी, एक रुपयाचं नाणं. चुंबक फिरवायला सांगा. खिळा चिकटतो. स्टीलची वाटी बहुधा चिकटत नाही, रुपया मात्र चिकटतो. इथे पोरं गोंधळतात आणि गोंधळू द्यावं. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात क्रोमियम. वाटीत जोडीला निकेलही असतं, त्याने स्फटिकाची रचना बदलते आणि चुंबक तिला धरत नाही. नाण्याच्या पोलादात निकेल नाही. म्हणजे ‘चिकटलं नाही, म्हणून लोखंड नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. भंगारवाल्याला हे पाठ असतं, पुस्तकात मात्र क्वचित सापडतं.

जर्मनचं झाकण म्हणजे अल्युमिनियम, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. त्यावर कानस मारा. आतून लख्ख पांढरं निघतं आणि थोड्या वेळात त्याची झळाळी उतरते. हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. हा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत, त्याचे पापुद्रे निघतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. दोन्हीकडे क्रिया ऑक्सिडीकरणाचीच, पण एकीने भांडं टिकतं आणि दुसरीने समुद्राकडची खिडकीची जाळी झडते. शब्द आता सांगा: चकाकी, ऑक्सिडीकरण, क्षरण. एवढे तीन. चौथा सांगायचा मोह आवरा.

आता वजन. पोरांना ‘जड’ आणि ‘घन’ (म्हणजे थोड्या जागेत जास्त वजन) यातला फरक हातानेच कळतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. निरांजनाचं वजन आधी वेगळं करून ठेवलेलं असावं. आता ते दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर त्या वस्तूचं आकारमान. वजनाला त्याने भागा, घनता आली. ८५ ग्रॅमचं पितळ बुडवल्यावर काटा १० दाखवत असेल तर साडेआठ. हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका, नाहीतर उत्तर कमी येतं. आमच्या स्टोअरमध्ये संशय आला की आम्ही हेच करायचो, फक्त काटा मोठा होता.

मग घनतेचा हा जिना (मिलिलिटरला किती ग्रॅम) वहीत लिहून घ्या: सोडियम ०.९७, अल्युमिनियम २.७, जस्त ७.१, लोखंड ७.९, तांबं ८.९६, चांदी १०.५, शिसं ११.३, पारा १३.६, सोनं १९.३. यातलं सोडियम पाण्यावर तरंगतं, आणि लोखंडाचा खिळा पाऱ्यावर तरंगतो. दुसरं वाक्य ऐकून विश्वास ठेवणारं पोर मला अजून भेटलेलं नाही, सगळी आकडे ताडून बघतात. ताडून बघतात म्हणजे काम झालं. सोन्याचं विचारलंच तर सांगा, दागिना २२ कॅरटचा म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं, म्हणून हॉलमार्कवर ‘९१६’. बाकी तांबं-चांदी. त्यामुळे त्याची घनता साडेसतरा ते अठराच्या आसपास येते. घरच्या काट्याला एवढे बारीक दशांश कळत नाहीत, झवेरी बाजारातला काटा लागतो. आईची बांगडी पेल्यात बुडवायला देऊ नका, पोकळ असली तर उगाच घरात भांडण.

पुढचा गुण वाकण्याचा. तार ठोका, पसरते ती वर्धनीयता. तार ओढून बारीक होते ती तन्यता. सोनं या दोन्हीत सगळ्यांच्या पुढे, एका ग्रॅमची तार दोन किलोमीटरपर्यंत ओढता येते असं आमच्या वेळच्या पुस्तकातही होतं. बिडाचा तुकडा ठोकला की फुटतो. तो लोखंडच, पण दोन ते चार टक्के कार्बनमुळे ठिसूळ झालेला. आमच्याकडे ग्राइंडरच्या ठिणगीवरून माणसं माल ओळखायची. साध्या पोलादाची ठिणगी लांब आणि सरळ, कार्बन वाढला की तिला फाटे फुटतात, बिडाची तर आखूड आणि लालसर. हे घरी करायचं नाही, एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे लांबून दाखवा.

विजेची चाचणी सोपी आहे. दोन सेल, एलईडी आणि मध्ये वस्तू. तांबं, लोखंड, फॉइल, सगळ्यांनी दिवा लागतो. मग पेन्सिल दोन्ही टोकांना तासून मध्ये लावा. लागतो! पेन्सिलीत ग्रॅफाइट आहे, म्हणजे कार्बन, म्हणजे अधातू. अधातू वीज वाहून नेत नाहीत या नियमाला हा अपवाद, आणि तो परीक्षेत हटकून विचारतात. त्याच कार्बनचा हिरा मात्र वीज नेत नाही. बीकेसीच्या डायमंड बोर्समध्ये, म्हणजे हिऱ्यांच्या बाजारात, पाकिटातून हिंडणारा तो माल आणि कंपासपेटीतली ही कांडी, दोन्हीत अणू एकच, फक्त मांडणी निराळी. याला अपरूपता म्हणतात. शब्द आता चिकटतो, कारण दिवा लागलेला पोराने पाहिलेला असतो.

तांब्याचा धडा घ्यायला लोकलची खिडकी बरी. डोक्यावरची जी तार पेंटोग्राफला, म्हणजे गाडीच्या टपावरच्या वीज घेणाऱ्या सांगाड्याला, घासते ती तांब्याची. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हा तिच्यात १५०० व्होल्ट डीसी होतं, आता २५ हजार व्होल्ट एसी. चांदी तांब्यापेक्षाही चांगली वीज नेते, मग चांदीची तार का नाही, हा प्रश्न पोरांना टाकून बघा. उत्तर पटकन येतं. खाली रुळाकडे बघा: चाकं घासून माथा चकचकीत, बाजू तांबूस. एकाच लोखंडाचे हे दोन चेहरे, वर धातू आणि बाजूला त्याचा ऑक्साइड.

आता कोण कोणाशी जुळतं. संयुजेची, म्हणजे एक अणू किती जोड धरू शकतो त्याची, धास्ती मुलांना उगाचच असते. मी हात मोजायला सांगतो. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. कोणाचाही हात रिकामा राहता कामा नये. ऑक्सिजनच्या दोन हातांना दोन हायड्रोजन, झालं पाणी. कार्बनच्या चार हातांना चार हायड्रोजन, झाला मिथेन, जो पाइपच्या गॅसमधून तुमच्या शेगडीत येतो. अल्युमिनियमला तीन, ऑक्सिजनला दोन. हात जुळवायचे तर दोन अल्युमिनियम आणि तीन ऑक्सिजन. बस. रेणुसूत्र लिहिण्याची सगळी कसरत एवढीच. लोखंडाला कधी दोन, कधी तीन हात असतात: दोन असले की फेरस, तीन असले की फेरिक. डॉक्टर रक्तवाढीसाठी देतात त्या गोळीच्या पाकिटावर बहुतेकदा ‘फेरस’ छापलेलं दिसतं, आणि गंजातलं लोखंड फेरिक. हेलियम, निऑन, आरगॉन यांना हातच नाहीत, म्हणून ते राजवायू. हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, आणि उरलेल्या एका टक्क्यातला बहुतेक वाटा या आरगॉनचा.

मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण यात मुलं सर्वांत जास्त घसरतात. भांडुप-मुलुंडकडची मिठागरं गाडीतून दिसतात तिथे थांबा. सोडियम एकटं असलं तर पाण्यात पडताच पेट घेतं, म्हणून ते रॉकेलात बुडवून ठेवतात. क्लोरीन एकटा असला तर विषारी, हिरवट-पिवळा वायू. भांडुप संकुलात आपलं पिण्याचं पाणी शुद्ध होतं तिथे त्याची बेताची मात्रा देतात. दोघे जुळले की मीठ, आणि त्यात दोघांचाही मूळ स्वभाव उरत नाही. हे संयुग. निरांजनाचं पितळ मात्र तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, धातूंच्या बाबतीत त्याला संमिश्र म्हणायचं. तांबं कमी-जास्त घातलं तरी ते पितळच राहतं, फक्त रंग बदलतो. मिठात सोडियम थोडं जास्त घालतो म्हटलं तर जमत नाही, एकास एकच. प्रमाण हलवता येतं का, हा एक प्रश्न विचारला की संयुग आणि मिश्रण वेगळे होतात.

आम्ल आणि आम्लारी स्वयंपाकघरातच शिकवा. हळदीची पेस्ट कागदाला लावून वाळवा, पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्यात पट्टी लाल होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. युनिफॉर्मवरचा आमटीचा डाग धुताना लाल का होतो त्याचं उत्तर इथे आहे. हळद हा दर्शक. गोकर्णाच्या निळ्या फुलाचं पाणी आणखी मजा आणतं, लिंबाने गुलाबी-जांभळं, सोड्याने हिरवटसर. आता पानवाल्याचा चुना हरभऱ्याएवढा घेऊन पेलाभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरची निवळी ओतून घ्या आणि स्ट्रॉने हळूहळू फुंका. पाणी दुधाळ होतं: श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं. बहुतेक लोक इथेच थांबतात. थांबू नका, फुंकत राहा. दुधाळपणा हळूहळू नाहीसा होतो, कारण आता पाण्यात विरघळणारं बायकार्बोनेट बनतं. फुंकायचं, ओढायचं नाही, आणि चुना डोळ्यांपासून लांब ठेवायचा. चुन्याने डोळा जायबंदी होऊ शकतो.

क्रियाशीलता श्रेणी हा माझा आवडता भाग. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात घासून स्वच्छ केलेला खिळा टाकून ठेवा. तासाभरात खिळ्यावर तांब्याचा लालसर लेप चढतो आणि पाण्याचा निळेपणा उतरायला लागतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, त्याने तांब्याला द्रावणातून हुसकून स्वतः जागा घेतली. उलटं करून बघा: लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात तांब्याची तार ठेवली तर काहीच होत नाही. क्रम असा: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, मग हायड्रोजन, मग तांबं, पारा, चांदी, सोनं. हायड्रोजनच्या वरचे धातू साधारणपणे सौम्य आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, खालचे काढत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा पावसात का टिकतो ते यातच आहे. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी जस्त वरच्या पायरीवरचं, ते स्वतः आधी झिजतं. मोरचूद विषारी आहे, पेला पुन्हा खाण्यापिण्याला वापरू नका.

कल्हईवाला आता क्वचित दिसतो. गल्लीत आलाच तर पोराला घेऊन खाली उतरा, एका भांड्यात अर्धा धडा होतो. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारं हायड्रोजन क्लोराइड पितळेवरचा ऑक्साइड खाऊन पृष्ठभाग साफ करतं. मग कथलाची कांडी टेकवतो. कथील २३२ अंशांवर वितळतं, तांबं १०८५ वर, म्हणून भांड्याला धक्का न लागता वर चांदीसारखा थर पसरतो. तो कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात फिरवतो, उशीर झाला तर ढेकळं. कल्हई नसलेल्या पितळेत चिंचेची आमटी ठेवली की कळकते, कारण आम्लाने तांब्याचे क्षार उतरतात. आजी हे सांगायची, फक्त तिला क्षार हा शब्द लागत नव्हता.

खुणा पाठ कराव्या लागतातच, त्यातून सुटका नाही. पण बहुतेकांची खूण इंग्रजी नावावरूनच निघते. डोकेदुखी नऊंची असते, ज्यांची खूण लॅटिन नावावरून आली: सोडियम नेट्रियम, पोटॅशियम कॅलियम, लोखंड फेरम, तांबं क्यूप्रम, चांदी अर्जेंटम, सोनं ऑरम, कथील स्टॅनम, शिसं प्लंबम, पारा हायड्रार्जिरम. ही नऊ नावं एका कागदावर लिहून न्हाणीघराच्या दाराला चिकटवा. चार दिवसांत होतात.

आवर्तसारणी शेवटी काढा. ११८ चौकटी बघून घाबरायचं कारण नाही, नववीला पहिली वीस पुरतात. उभ्या रांगेला गण, आडव्या ओळीला आवर्त. एका गणातले सगळे एकमेकांसारखे वागतात. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्याने काही जागा रिकाम्या सोडल्या आणि अल्युमिनियमखालच्या रिकाम्या जागेला ‘एका-अल्युमिनियम’ म्हटलं, आपल्याच ‘एक’वरून. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं. शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं, ती ५.९ च्या जवळ असायला हवी, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली तर ५.९. ज्याने गॅलियम डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्याचा आकडा बरोबर! स्टोअरकीपर म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. पुस्तकात सामान्य तापमानाला द्रव असणारी मूलद्रव्यं दोन, पारा आणि ब्रोमीन. मे महिन्यात आमच्या खोलीत गॅलियम ठेवलं तर तेही वितळेल, पण परीक्षेत दोनच लिहा.

कोकणातल्या घरांसाठी एक जोड. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन ते बघायला गुंटूरला होता, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने नंतर इंग्लंडमधून तीच रेषा पाहिली, आणि त्यातून हेलियम निघालं. पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला १८९५ मध्ये सापडलं. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर त्या ग्रहणाच्या आठवणीने ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. गणपतीला गावी जाल तेव्हा पोरांना तिथे न्या. ज्योतीच्या रंगावरून मूलद्रव्य ओळखणं शेगडीवरही दिसतं, मिठाचं पाणी लावलेला चमचा निळ्या ज्योतीत धरला की ज्योत पिवळी होते, ते सोडियम. दूध उतू गेल्यावरही तेच.

दोन गोष्टी घरात आणू नका. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा मुलांना खेळायला देऊ नका, वाफ विषारी असते; खिडक्या उघडा, गोळे कागदाने गोळा करून बंद बाटलीत भरा, झाडूने पसरवू नका. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं शिसं आणि आम्ल यांना हात नको.

हे सगळं झाल्यावर परीक्षा घ्यायची असेल तर माझा एकच प्रश्न असतो. सारणीत कॅल्शियमच्या खाली स्ट्रॉन्शियम आहे, जे पोराने कधी पाहिलेलं नाही. त्याला विचारा: हात किती? धातू की अधातू? पाण्यात टाकलं तर कॅल्शियमपेक्षा हळू की जोरात? ऑक्सिजनशी जुळताना प्रमाण काय? दोन, धातू, जोरात, एकास एक, अशी उत्तरं आली तर पुढच्या आठवड्यात खालच्या बेरियमकडे वळा. अडखळलं तर पुन्हा चुन्याच्या निवळीपासून सुरुवात करा.